वाचन चिमाजीदादांनी करावे

मी, ज्ञानोबा रखमाजी भुरुक, धर्माने ख्रिस्ती, धंदा शिक्षकाचा, मूळ गाव पाली, हल्ली राहणार वेल्हे, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहितो. छातीचे दुखणे वाढले आहे. बुद्धी देवाने शाबूत ठेवली आहे.

वेल्ह्याचे राहते घर व मागचे परसू माझी मुलगी कमळाबाई हिला द्यावे. तिच्या आईची, साळूबाईची, तांब्याची भांडीही तिचीच. घर विकावे की ठेवावे, यात तिचाच शब्द अखेरचा. जावईबापूंनी मध्ये पडू नये.

पालीच्या शेताचा बांध चुलतभाऊ कोंडिबा दरसाल कोरत आला आहे. गेली ती जमीन त्याला राहू द्यावी. यापुढे कुदळ आवर, एवढे त्याला माझ्या नावाने सांगावे.

पालीच्या घरातला व शेतातला माझा हिस्सा थोरले बंधू चिमाजी यांना द्यावा. कारण लिहितो.

मी बाप्तिस्मा घेतला तेव्हा दादांनी मला घरचे पाणी बंद केले. वर्षानुवर्षे बोलणे नव्हते. साळूबाई वारली तेव्हा नदीला पूर होता. भोरचे पाळकसाहेब येऊ शकले नाहीत. कबरीच्या खड्ड्याशी मीच पवित्र शास्त्र उघडले, पण मला वाचवेना. कुंपणापाशी उभे असलेले दादा आत आले. त्यांनी पुस्तक हातात घेतले, पानाकडे पाहिले आणि परत दिले.

"गेनू, वाचलं असतं रं म्या. येत न्हाई."

तिला तशीच, शब्दांवाचून, मातीत ठेवली.

पुढे काही दिवसांनी ते पालीहून चालत शाळेत आले. "मला वाचाय शिकव. तुझ्या वक्ताला कोन वाचंल?" म्हणाले, आणि पोरांच्या मागे जमिनीवर बसले. थोरला भाऊ खाली बसलेला पाहून मीही खुर्ची सोडली.

"तू वर बस. हितं तू मास्तर हाईस."

येशूने शिष्यांचे पाय धुतले, तो भाग आला तेव्हा अक्षरावर बोट ठेवून त्यांनी विचारले, "दगा देनाऱ्याचंबी धुतलं?"

"होय, दादा."

"तवा त्या मानसाला काय वाटलं आसंल?"

हा पाठ मी कितीदा शिकवला होता. हे कधी मनात आले नव्हते. "ठाऊक नाही," मी म्हणालो. वर्गात हे शब्द मी प्रथमच उच्चारत होतो.

"मग दोगं मिळून इचार करू," दादा म्हणाले. जाताना उंबऱ्यात थांबले. "उद्या सुट्टी हाय न्हवं? घरी ये. पानी प्यायला."

मी गेलो. तांब्या दादांनी स्वतः भरून दिला.

त्यांनी धर्म बदललेला नाही. तसा आग्रह कोणी त्यांना करू नये.

माझा चष्मा दादांना द्यावा. आताही तो बहुधा त्यांच्याच नाकावर असतो.

माझ्या दफनाला पाळकसाहेब हजर असले तरी वाचन दादांनी करावे. ते अक्षर अक्षर लावून वाचतात, जोडाक्षरापाशी थांबतात. थांबले तर कोणी पुढचा शब्द सांगू नये. ऊन लागत असेल त्याने सावलीत उभे राहावे, पण वाट पाहावी.

हे लिहून वाचून दाखवले व साक्षीदारांसमक्ष सही केली. दादांना यात लाभ असल्याने त्यांना साक्षीला घेतलेले नाही.

मुक्काम वेल्हे, ता. ९ फेब्रुवारी १९३८

ज्ञानोबा रखमाजी भुरुक, सही दस्तुरखुद्द

साक्षीदार:
कुंडलिक हरिबा मोरे, शिक्षक, वेल्हे (सही)
ठकुबाई, शेजारीण, हिची निशाणी डाव्या हाताचा अंगठा