शेळीचा जीन आणि त्रेसष्ट सायटेशन

सोलापूर, सोमवार

तीर्थस्वरूप चनबसप्पा मामांना भाचा गुरुशांतचा पायांवर डोकं ठेवून शरणार्थ.

मामींचा गुडघा आता जिना चढू देतो का? तुमचं बीपी कसं आहे? (गोळी आत्ताच घ्या, मग पुढं वाचा.) फोनच केला असता, पण तुम्ही आडतीवर स्पीकर लावता आणि दुधनीचं सगळं गाव ऐकतं.

तुमच्या रानातल्या ज्वारीच्या पानांवर मी पेपर लिहिला होता, दुष्काळात पीक तगवणारा जीन सापडला म्हणून. दुसऱ्यांनी त्यांच्या पेपरात आपला दाखला दिला की त्याला सायटेशन म्हणतात. माझ्या आधीच्या अकरा पेपरांना मिळून चार सायटेशन (त्यातली तीन माझीच). या एकट्याला त्रेसष्ट! प्राचार्यांनी कॉलेजच्या गेटवर माझा फोटो लावला. फोटो आमच्या लग्नातला, त्यामुळं शिवानीचा अर्धा कानही त्यात आलाय.

मग विभागात नव्यानं आलेल्या दानेश्वरी मॅडमनी भलतंच केलं. त्यांनी ते त्रेसष्ट पेपर वाचले. (मी नुसते मोजले होते.) डबा खाताना म्हणाल्या, "सर, तुमचा जीन ज्वारीचा न्हाई की. शेळीचा हाय."

मी पानं खुडायच्या आधी तुमच्या बांधावर शेळ्या चारणाऱ्या बिरप्पाच्या शेळीनं ती चाटली होती, आणि मी यंत्रात घातली ती तिची लाळ. 'नमुना कसा घेऊ नये' हे पोरांना शिकवायला जपानपासून ब्राझीलपर्यंत आपलाच पेपर दाखवतात. मी हातातला घास डब्यात परत ठेवला.

गुरुवारी बढतीची मुलाखत होती. मॅडमनाही ते ठाऊक होतं; त्यांनी हळूच डब्याचं झाकण लावलं. तेच जास्त लागलं. समितीपुढं मी खरं ते सांगून टाकलं. अध्यक्ष चष्मा पुसत म्हणाले, "फॉर्मात आकड्याचा रकाना हाय, कारणाचा न्हाई. बसा." आणि मला प्रोफेसर केलं!

घरी शिवानीनं गव्हाची गोड हुग्गी केली होती. तीही ताटात तशीच राहिली. शेवटी तिला म्हटलं, पेपर मागे घेतो, बढती गेली तर गेली. ती म्हणाली, "जाऊ दे की. पण आधी ताट संपवा."

तर हे असं झालं. बिरप्पाला काही बोलू नका, तो बिचारा पेपर वाचत नाही.

तुमचा,
गुरुशांत

ता. क. पेपर मागे घ्यायला सगळ्या लेखकांची सही लागते. रान तुमचं, म्हणून मी कौतुकानं तुमचंही नाव लेखकांत घातलं होतं. सांगायचं राहून गेलं. सोबतच्या कागदावर फुली केलीय तिथं सही करा. कानडीत चालेल.

ता. क. २. नावं इंग्रजी अक्षरक्रमानं लावली, त्यामुळं तुमचं पहिलं आलं. आता जगभर या घोटाळ्याला 'चनबसप्पा चूक' म्हणतात. पुढच्या महिन्यात जर्मनीत तिच्यावर परिषद आहे आणि त्यांनी तुम्हाला भाषणाला बोलावलंय, विमानाच्या तिकिटासकट. दुभाषा म्हणून एक भाचा नेता येतो. तेव्हा सहीची तशी काही घाई नाही.