बाजूच्या दाराचा उतार

पुणे, ८ ऑगस्ट १९८२

प्रिय चंदरदादा,

तुला, वहिनीला आणि आयेला मैनाचा मनापासून जयभीम.

मी बरी आहे. मेसचं जेवण बेचव असलं तरी पोटभर मिळतं. पोशीरला लावणी उरकली का? आयेचा खोकला थांबला का?

तू मला इथे पोचवून गेल्यावर मैत्रिणी मला चाकांच्या खुर्चीसकट उचलून विद्यापीठाच्या दगडी पायऱ्या चढवायच्या. एकदा खुर्ची निसटली. फार लागलं नाही. पण दुसऱ्या दिवशी मी खालीच थांबले. विभागप्रमुख म्हणाले, "इमारत शंभर वर्षांची आहे, बदल करता येत नाही."

मी म्हटलं, "सर, मग मी इथूनच शिकते."

आम्हाला शिकवणाऱ्या देशपांडेबाई पुस्तक घेऊन खाली आल्या आणि सगळा वर्ग पायऱ्यांवर बसला. बरेच दिवस असंच चाललं. शेवटी सर स्वतःच गवंड्याला घेऊन आले.

काल बाजूच्या दाराला सिमेंटचा उतार तयार झाला. मी एकटी खुर्ची ढकलत वर गेले. तळहात सोलवटले, पण फार बरं वाटलं. मागून आमचे म्हातारे ग्रंथपाल काठी टेकत आले. म्हणाले, "पोरी, इतकी वर्षं गुडघे धरून पायऱ्या चढलो. असं काही मागावं हे सुचलंच नाही."

आयेला हे वाचून दाखव. खुर्ची निसटल्याचं तेवढं गाळ.

तुझी धाकटी,
मैना