सरपंचाचा डोळा

१८ नोव्हेंबर

सरपंचाचा डावा डोळा गळतोय. सकाळपासून. गालावरचे केस भिजून पार चिकटलेत. कावून रडतो रे? तू काय इलेक्शन हरलायस का?

सुनंनं ह्या सशाचं नाव मोती ठेवलंय. पण दिवसभर खातो, कान एवढे मोठे अन् ऐकत कुणाचंच न्हाई — मग मी सरपंच न्हाई म्हणू तर काय म्हणू!

सून दिपाली अन् पोरगा उत्तरेश्वर ऊसतोडीला गेले त्याला तीन आठवडे झाले. ट्रकमधी बसताना पोरीचा जीव सगळा सशात. "आत्याबाई, मोतीला जपा. तुमच्या भरवशावर सोडलाय." माझ्या पोरानं तरी म्हणावं, आई, स्वतःला जप! पण न्हाई.

डोळा ओल्या फडक्यानं पुसला. परत गळाया लागला.

१९ नोव्हेंबर

शेजारची सरस्वतीबाई येऊन बघून गेली. "दिष्ट लागली गं. एवढं पांढरंशिपत जनावर ओट्यावर मिरवतीस. काजळ घाल."

पटलं. उत्तरेश्वर लहान असताना त्याला बी तेच केलतं. एरंडेलाचा दिवा लावला, वर पितळी वाटी धरली, काजळ पाडलं. दोन्ही डोळ्यांत घातलं — एकातच घातलं तर दुसरा रुसायचा. कपाळाला तीट बी लावली.

काय रूप आलं! सरस्वतीबाई पोट धरून हसली. म्हणली, "आता एक नथ तेवढी आण."

२० नोव्हेंबर

डोळा मिटला. सुजून हरभऱ्याच्या घाट्यासारखा झालाय. पाला पुढं धरला तर तोंड फिरवतो. सरपंच अन् खाईना!

२१ नोव्हेंबर

दिपालीचा फोन आलता.

"मोती काय करतोय?"

"खातो अन् हागतो. दुसरं काय काम हाय त्याला?"

हसली. मी बी हसले. फोन ठेवला. खोटं बोलले मी.

सांगू तरी कसं? लग्नाला सहा वर्षं झाली, घरात लेकरू न्हाई. गाव बोलतं, मी बोलत न्हाई. पण पोरगी ऐकतीच की. वडवणीच्या बाजारातून हा ससा आणला त्या दिशी तिला पहिल्यांदा मोकळी हसताना बघितली. अन् आता तिला सांगू, त्याचा डोळा मी घालवला?

उद्या वडवणीला जनावराच्या दवाखान्यात नेते. सरस्वतीबाई म्हणली, "सशाला कुणी डॉक्टरकडं नेतं का? लोक हसतेन." हसू दे. फुकटच हसतेत.

२२ नोव्हेंबर

आज लई दमले, पण लिहिते.

चेनची पिशवी घेतली, त्यात सरपंच, डोकं बाहेर. एसटीत कंडक्टर म्हणला, "आजी, ह्याचं तिकीट?"

"बाईला अर्धं हाय न्हवं?"

"ही बाई हाय का?"

"बाप्या हाय. पण काजळ बघ की! बाईच समज अन् अर्धं फाड."

सगळी गाडी हसली. तिकीट काय फाडलं न्हाई त्यानं, बिचारा.

दवाखान्यात दोन बैल, एक म्हस, चार शेरडं अन् मी. अमरसिंह डॉक्टर तरणाच हाय. पिशवीत बघून म्हणला, "आजी, हिला बघायला पाव्हणे येणारेत का?"

"हिला न्हाई, ह्याला. तुमचं लग्न झालंय का, तेवढं सांगा!"

लाजला लेकाचा. पण काजळ धुतलं, पापणी उलटी केली अन् त्याचं हसू गेलं. चिमट्यानं आतून एक कुसळ काढलं. बारीक, पण टोकाला सुईवाणी.

"कुसळी गवत कुठून आलं ह्याच्याजवळ?"

कुठून काय! मीच. तो निजतो त्या पेटीतलं गोणपाट त्याला टोचत असंल म्हणून बांधावरचं वाळलं गवत आणून अंथरलं मी. मऊ दिसलं हो!

"कुसळ आत अन् वर काजळाचा थर. दिसणार कसं? बुबुळाला जखम झालीय. अजून दोन रोज घरी ठेवला असता तर डोळा गेला असता."

मी सरपंचाला पदरात घेतलं. 

थेंब दिलेत, दिवसातून चारदा. अन् म्हणला, "काजळ परत घातलं तर माझ्याकडं येऊ नका." घरी आल्याबरूबर गवत सगळं चुलीत घातलं.

२३ नोव्हेंबर

थेंब घालायचे म्हंजे कुस्तीच. मागच्या पायानं अशी लाथ मारतो! शेवटी ह्यांचं जुनं उपरणं काढलं ट्रंकेतून, त्यात गुंडाळला, डोकं तेवढं बाहेर. गप झाला.

हे वरून बघत असतेन तर म्हणत असतेन — मला कधी एवढ्या मायेनं गुंडाळलं न्हाईस. अहो, तुमी कधी एवढे गप बसलात!

२४ नोव्हेंबर

चार वेळा थेंब. सूज तशीच. मांडीवर घेऊन बसले. स्वयंपाक केला न्हाई.

२६ नोव्हेंबर

उघडला! सकाळी पेटी उघडली तर दोन्ही डोळे माझ्याकडं! डाव्यात जरा धुरकट ठिपका हाय, पण बोट फिरवलं की डोकं फिरवतो. मेथीची अख्खी जुडी खाल्ली. अन् थेंब घालाया गेले तर बोटाला चावला. चाव बाबा. चाव.

सरस्वतीबाई म्हणती, "दिष्ट माझ्यामुळं निघाली." हो बाई, तुझ्यामुळंच.

२९ नोव्हेंबर

दिपालीचा फोन. आता कशाला भ्यायचं — सगळं सांगून टाकलं. गवत, काजळ, डॉक्टर काय म्हणला ते बी. वाटलं रागवंल. पोरगी रागावली न्हाई. मग बारीक आवाजात म्हणली, "आत्याबाई, उसाचं पान डोळ्यात लागलं तर बी तसंच जातो का डोळा? मला लागून पाच रोज झालेत. मुकादम म्हणतो, पाणी मारा अन् चला तोडीला."

सरपंच सरस्वतीबाईकडं ठेवते. पहाटेच्या पहिल्या एसटीनं उसाच्या फडावर निघते. आधी पोरीला डॉक्टरकडं नेते, मग मुकादमाकडं बघते.