भाजलेल्या बदामांचा वास

भाऊजी,

इथे सगळं ठीक आहे, असं लिहायला बसले आणि हात थांबला.

आज बाबा तळघरातली शॅम्पेन चाखायला बसले. पद्धत तुम्हाला माहीतच आहे. फक्त पांढऱ्या द्राक्षांची, एकाच सालातली बाटली मी फडक्यात गुंडाळून आणायची आणि ती अजून मुरू द्यायची की विकायला काढायची, ते त्यांनी एका घोटात सांगायचं. आपल्या एवढ्याशा मळ्याचं नाव त्या एका जिभेवर टिकून आहे.

"भाजलेले बदाम. थोडा मध. काढा आता," ते म्हणाले.

मी फडकं सोडलं आणि बाटलीवरचं साल पाहिलं. घाईत मी शेजारच्या फळीवरची, अगदी कोवळी बाटली उचलून आणली होती. मी घोट घेतला. कच्च्या सफरचंदासारखी, दात आंबतील अशी. बदामाचा मागमूस नव्हता.

ग्लास उचलायला गेले तर बाबांनी मनगट धरलं.

"सूनबाई, बरोबर बोललो ना?"

"हो, बाबा."

"मग तोंड आंबट का केलंस?"

ते हळू आवाजात म्हणाले, "उद्या गिऱ्हाइकांसमोर आधी तू चाख. मी तुझ्या तोंडाकडे बघून बोलेन."

हे पत्र मी टाकणार नाही. तुम्ही धावत याल आणि गोष्ट चारचौघांत जाईल. पण भाऊजी, सगळं तळघर भरलेलं आहे, आणि मला त्यातलं फक्त आंबट तेवढं ओळखता येतं.

तुमची,
वहिनी