काउंटरवर उभं राहण्याची पूर्वतयारी

३ मार्च
काउंटरवाले काका महिनाअखेरीस रिटायर होणार. जागा रिकामी. सीनिऑरिटीने माझ्याशिवाय आहे कोण? मालकांना विचारलं. जिना उतरता उतरता म्हणाले, बघू. नकार द्यायचा असता तर तिथेच दिला असता. बघू म्हणजे जवळजवळ होच.
बायकोला सांगितलं. म्हणाली, पोरीने सायकल मागितली तेव्हा तुम्हीही बघू म्हणाला होतात. सायकल आजतागायत आलेली नाही. बायकांना धंद्यातली भाषा कळत नाही.

४ मार्च
आमचं दुकान बाथरूम फिटिंगचं. नळ, बेसिन, आरसे, टब. माझी जागा पोटमाळ्यावर, फोनजवळ. ताठ उभं राहिलं की छत डोक्याला लागतं, म्हणून बसूनच काम. तब्येतीला बरं.
फोनवर मी माझं नाव सांगत नाही. आमच्या लोकांचं नाव ऐकलं की गिऱ्हाइकाला एकदम दुसरं काम आठवतं. म्हणून मालकांनी त्यांच्यातलं एक भारदस्त नाव मला दिलं. स्वतः निवडून. हेलही मी घासूनपुसून त्यांच्यासारखा केलाय. मालक नेहमी म्हणतात, माझ्या मनात तसलं काही नाही रे, पण गिऱ्हाइकाचं बघावं लागतं. सोन्यासारखा माणूस. गिऱ्हाइकं तेवढी वाईट. मालकांना सोसावं लागतं बिचाऱ्यांना.

७ मार्च
संकल्प: रोज बूट पॉलिश. हसरा चेहरा. पाठ सरळ (खाली असताना).
दुकान उघडण्याआधी काउंटरमागे उभा राहून प्रॅक्टिस केली. समोर विकायचे आरसे. सगळ्या आरशांत मीच काउंटरवर. फार शोभून दिसत होतो.
दारावरचा वॉचमन बघत होता. तोही आमच्यातलाच, शिकलेला. म्हणाला, भाऊ, आपल्या दोघांत फरक एवढाच, मला ऊन लागतं. त्याला ॲटिट्यूड सुधारायला सांगितलं. अशा लोकांमुळेच समाज मागे राहतो.

८ मार्च
बूट पॉलिश राहिलं. डबी वाळली होती.

११ मार्च
जिंकलो. हॉटेलवाल्या बाई, ज्यांना मी कधीपासून फोनवर पटवतोय, त्या सगळ्या खोल्यांची ऑर्डर देणार. आणि म्हणाल्या, तुमच्याशीच समोर बसून ठरवायचंय, एवढं नीट समजावून सांगणारा माणूस बघायचाय. शुक्रवारी येतायत. मालकांनी पाठीवर थाप मारली. काउंटर आता खिशात. नवा शर्ट घेतला, फिकट निळा. बायकोने किंमत विचारली. गुंतवणूक म्हटलं.

१४ मार्च, दुपार
बाई आल्या. त्याआधी मालकांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, तू जरा वर जा, ऐनवेळी घोळ नको. मग त्यांनी त्यांच्या भाच्याला पुढे केलं. माझ्या, म्हणजे मला दिलेल्या, नावाने. भाचा गेल्या महिन्यात लागलाय. गरम पाण्याचा नळ कोणत्या बाजूला हेही त्याला माहीत नाही. म्हणून त्याच्या कानात इअरफोन आणि वरून मी फोनवर. मी कुजबुजायचो, तो बोलायचा. बाई म्हणाल्या, फोनवर आवाज जरा जाड वाटला होता. मी म्हटलं, खोक. तो खोकला.
ऑर्डर मिळाली. नटापेक्षा दिग्दर्शक मोठा. शर्ट वर कुणाला दिसला नाही, पण घामाने खराबही झाला असता खाली.

१४ मार्च, रात्र
बायको म्हणाली, दळलं तुम्ही, भाकरी भाच्याने खाल्ली. मी म्हटलं, टीमवर्क. तिने माझं ताट वाढलं. भांडली असती तर बरं झालं असतं.

२० मार्च
काउंटर भाच्याला. मालकांचं म्हणणं, गिऱ्हाइकं त्याला त्या नावाने ओळखायला लागलीत. तर्काला तोड नाही. त्याला सगळं शिकवायची जबाबदारी माझी. एवढा विश्वास कुणी परक्यावर टाकतं का?
एका दुकानात एकाच नावाची दोन माणसं बरी दिसत नाहीत, म्हणून मला नवं नाव दिलंय. जरा हलकं आहे. दिवसभर पाठ केलं. दोनदा फोनवर जुनंच सांगून बसलो.
वॉचमनने आज नुसता खांद्यावर हात ठेवला. राग आला. मग रडू आलं. बेसिनच्या खोक्यांमागे जाऊन आलो. धुळीची ॲलर्जी असावी.

२१ मार्च
लवकर घरी आलो. पोरीने अकाउंट्सचा कोर्स केलाय, पहिल्या वर्गात. तिच्या अर्जांना उत्तरंच येत नाहीत. मी म्हणत आलोय, अर्जातच काहीतरी चुकत असणार, मन लावून लिही.
आतल्या खोलीतून एका बाईचा आवाज येत होता. मला वाटलं, पाहुणी. दारातून बघितलं तर पोरगी फोनवर, स्पीकर लावून. हेल त्यांचा, एकदम स्वच्छ. नाव सांगितलं तेही त्यांच्यातलं. पलीकडून लगेच सोमवारी मुलाखतीला बोलावलं. आजवर तिच्याशी इतकं गोड कुणी बोललं नव्हतं.
फोन ठेवल्यावर तिने मला पाहिलं. विचारलं, बाबा, बरोबर बोलले ना? तुमचंच ऐकून शिकले. मी म्हटलं, शेवटच्या शब्दाला आपला हेल येतोय, तेवढा काढ. तिने पुन्हा म्हणून दाखवलं. काढला होता.
मग म्हणाली, पण बाबा, सोमवारी तिथे जायचं कुणी?
बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. दोघी माझ्याकडे बघत होत्या.
मी म्हटलं, बघू.