ओढायचं काम

३ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तीस वर्षांपूर्वी तू एकदा म्हणाला होतास, की बुटके, तू नुसता नेम धर, ओढायचं काम माझं. आज दुपारभर रेंजवर तेच डोक्यात घोळत होतं. नव्या मुली स्प्रिंगच्या बंदुकीची नळी खाली ओढताना पार वाकतात. एका छर्‍याला एकदा ओढायचं, म्हणजे साठ छर्‍यांना साठदा. चाळीस छर्रे झाले, की त्यांचे हात लटलटायला लागतात आणि मग कसला नेम. माझा हात कधी लटलटला नाही, कारण ओढायला शेजारी तू उभा असायचास. तू स्वतः स्पर्धेत का उतरत नाहीस असं विचारलं, की कंटाळा येतो म्हणायचास.

आता कामाचं. समितीने पीसीपी रायफली घ्यायचा विषय काढलाय. त्यांच्या सिलिंडरमध्ये हवा आधीच दाबून भरलेली असते. ओढावं लागत नाही, दोन बोटांचं काम, आणि खांद्याला धक्काही नाही. पण एकीच्या किमतीत आपल्या साध्या सहा येतात. अध्यक्षांनी मोठ्या मनाने जाहीर केलं, की निर्णय प्रशिक्षिकेने घ्यावा. म्हणजे चुकला तर माझ्या गळ्यात. तीस तारखेला उत्तर द्यायचंय.

मी कुणाला काय विचारतेय हे मला कळतं. आमच्या दहा बंदुका दर दोन महिन्यांनी खोक्यात घालून तुझ्याकडे दुरुस्तीला येतात. पीसीपी आल्या, की तो खोका बंद. तरी तुलाच विचारते, कारण तू माझ्या परीक्षेच्या गुणांबद्दल घरात खोटं बोललास, पण बंदुकीबद्दल कधी बोलला नाहीस. फोन केला असता, पण आयुष्यभर कानाशी स्प्रिंगा वाजवून तुला निम्मं ऐकू येत नाही, आणि उरलेलं निम्मं तू ऐकत नाहीस.

खांदा कसा आहे? ठीक आहे असं लिहू नकोस. मी दमलेय दादा, मला खरं काय ते एकदाच कळू दे.

वहिनींना नमस्कार. लोभ तुझ्याकडे शिल्लक असेलच, त्यातला थोडा इकडे वळव.

तुझी,
बुटकी

१० नोव्हेंबर

चि. बुटकीस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर वहिनीचं आहे हे तू पहिल्या ओळीलाच ओळखलं असशील. खांदा जरा धरलाय, म्हणून मी सांगतोय आणि ती लिहितेय. लिहिताना मधूनमधून माझ्याकडे डोळे वटारतेय, तेही तिला लिहायला सांगितलंय.

पीसीपी मी दोन उघडून पाहिल्या आहेत. बनावट झकास. पण हवा हातपंपाने भरायची, तर पंप मारणारा घामाघूम होतो. कॉम्प्रेसर घ्यायचा, तर तो आणखी एका बंदुकीचे पैसे खातो. हवेत ओल राहिली, तर सिलिंडर आतून गंजतो. रबरी रिंगा झिजतात आणि हवा गळत राहते. सिलिंडरवर दहा वर्षांची मुदत छापलेली असते, ती सरली, की नवा आणा. तेव्हा घेऊ नका. पैशाच्या मानाने त्या परवडत नाहीत. शिवाय स्प्रिंगचा धक्का खाल्ला, की मुलींच्या अंगी शिस्त येते.

खोका नेहमीसारखा पाठव. मागच्या वेळी दोन बंदुकांच्या नळ्यांत तुझ्या मुलींनी काय कोंबलं होतं देव जाणे, जरा लक्ष ठेव. गुडघ्याला पट्टा बांधत जा. आशीर्वाद नेहमीचेच, जास्तीचे मागू नकोस.

दादा

१८ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. सही डाव्या हाताने केल्यासारखी दिसतेय. खांदा एवढा धरलाय का?

विक्रेत्याने एक पीसीपी दोन दिवस वापरून बघायला ठेवली होती. मुली घरी गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि एकटीने साठ छर्रे मारले. कितीतरी वर्षांत मारले नव्हते. आवाज म्हणजे कुणी ओठांनी फुंकर घालावी एवढाच. शेवटचा छर्रा पहिल्याइतकाच शांत गेला. दमायला झालं नाही, दादा, आणि त्याचंच मला वाईट वाटत राहिलं. मी आठवत बसले, की तू माझ्यासाठी रोज साठदा नळी ओढायचास, तेही सहा वर्षं, आणि पुढे धंदाच तो केलास. हिशेब करायला घेतला आणि सोडून दिला.

धक्क्याने शिस्त येते हे मात्र तुझं वाटलं नाही. त्या धक्क्याला तू इतक्या शिव्या घालायचास, की आई मला कानावर हात ठेवायला लावायची. पण माणसं बदलतात. तू नको म्हणालास, म्हणजे नको. तीस तारखेला तसंच सांगीन. मुलींना आणखी काही वर्षं ओढू दे, आपण नाही का मोठे झालो.

रागावू नकोस. माया आहे तशी असू दे.

तुझी,
बुटकी

२४ नोव्हेंबर

प्रिय वन्संना,
स. न. वि. वि.

हे पत्र मी माझं म्हणून लिहितेय, त्यांना ठाऊक नाही.

दहा तारखेच्या पत्रातल्या तक्रारी त्यांच्याच होत्या, पंप, गंज, रिंगा, सगळ्या. पण त्या सांगून झाल्यावर ते म्हणाले होते, की एवढं सगळं असूनही घ्या. डोळे मिटून घ्या. एवढ्या पैशात मुलींचे खांदे शाबूत राहणार असतील, तर स्वस्तच पडलं. आपल्या वेळी अशी एक जरी असती, तर आपणही नेमबाज झालो असतो, बुटकीला हरवलं असतं, असंही म्हणाले. मी लिहिलं, घेऊ नका. शिस्तीचं वाक्य माझं. लिहून झाल्यावर त्यांनी वाचून दाखवायला सांगितलं, तेव्हा ते जे बोलले होते तेच मी कागदाकडे बघत म्हणून दाखवलं. त्यांनी डाव्या हाताने सही केली.

त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. केस मी विंचरते, शर्टाची बटणं मी लावते. डॉक्टरांनी उन्हाळ्यातच बजावलंय, की आणखी ओढलंत तर खांद्यातली शीर पुरती तुटेल. तेव्हापासून बंदुका मी ओढते. नवी स्प्रिंग घातली, की ती बसेपर्यंत शंभर छर्रे मारून बघावे लागतात. मी नळी ओढून देते, ते डाव्या हाताने घोडा दाबतात आणि भोकं मोजतात. मला म्हणतात, की या वयात तुझे दंड तयार झाले. हसतातसुद्धा.

उपाशी राहू अशी भीती नाही, वन्सं. तुमचा खोका गेला, तर निम्म्याहून जास्त काम जाईल, तरी आमचं भागेल. पण ते खिडकीशी हात मांडीवर ठेवून बसलेले मला बघवणार नाहीत. एका रविवारी तसे बसले होते, तेवढा पुरला.

तुमचं अठरा तारखेचं पत्र मी त्यांना दाखवलं नाही. त्यांच्या शब्दावर तुम्ही समितीला नको म्हणून सांगणार, हे वाचून मला जेवण गेलं नाही. आता तुम्हाला जे करायचं ते करा. त्यांना सांगू नका. पत्र फाडून टाका, आणि मन माझ्यापासून तोडू नका.

तुमची,
वहिनी

१ डिसेंबर

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

पत्र फाडलं. फाडण्याआधी एक ओळ पुन्हा पुन्हा वाचली, तो नेमबाज झाला असता ती. मला तो कंटाळा येतो म्हणायचा आणि मला ते खरं वाटायचं. मी विचारायचे, पण उत्तर ऐकायला कधी थांबले नाही. तुम्ही एक वाक्य बदललंत, त्यावर रागवायला मला तोंड नाही.

काल समितीपुढे दादाचं म्हणणं सांगितलं, तुम्ही कळवलंत तसं, अक्षरशः. पंपाचं आणि गंजाचंही सांगितलं. अध्यक्षांनी तीनदा विचारलं, की दुरुस्ती करणाराच घ्या म्हणतोय का. शेवटी चार घ्यायचं ठरलं. जुन्या दहा बंदुका हळूहळू मोडीत काढायच्या. रबरी रिंगा बदलायचं काम टेबलाशी बसून करता येतं, ते दादाला जमेल असं मी म्हणून ठेवलंय. पण नवीन शिकायला तो तयार होईल, की डाव्या हाताने चिमटा धरायची लाज वाटेल, मला सांगता येत नाही. खिडकीतला रविवार मी टाळू शकले, असं तुम्हाला खोटं लिहिणार नाही.

त्याला मी काही बोलणार नाही. कधी त्याच्या कानावर गेलं आणि त्याने विचारलं, की पत्रात नको लिहिलं होतं का, तर त्याचं उत्तर तुमच्याकडे.

एक अडचण आहे. तुमचं पत्र पोचलं, त्याच्या आदल्या दिवशी मी खोका रवाना केला होता. तो सावकाश येतो, पुढच्या गुरुवारी तुमच्या दारात येईल. आत दहाच्या दहा आहेत आणि सातांना नवी स्प्रिंग लागणार. खोका दिसला, की दादा उठेल, चष्मा शोधेल, दोन दिवस खुशीत असेल, हे मला इथे बसून दिसतंय. आणि मागच्या खोलीत तुम्ही सातशे वेळा ओढाल.

शेवटी लोभ मागायची रीत आहे. तो तुम्ही न मागता दिलात, म्हणून आज दुसरंच मागते. तुम्ही नाही म्हणाल, आणि का म्हणाल तेही मला समजतं. तरी मागते. गुरुवारी खोका आला, की तो आत घेऊ नका, दादाला दाखवू नका, तसाच माझ्या पत्त्यावर परत लावून द्या.

तुमची,
बुटकी