झाकणाखालची साय

बाबा,

गाडी मी नेली आहे, शोधत बसू नका. तुम्हाला उठवलं नाही, कारण समोरासमोर मला हे बोलता आलं नसतं.

काल ऑइल बदलायला गेले, तर गॅरेजवाल्या वेइक्कोने इंजिनावरचं ऑइलचं झाकण उघडून दाखवलं. आत पिवळट साय धरली होती.

"म्हातारा हिला दुकानापर्यंतच फिरवतो वाटतं?"

मी म्हटलं, "छे, दर मंगळवारी औलूला जातात, हॉस्पिटलात. शंभर किलोमीटर."

तो हसला. "मग इंजिन चांगलं तापून ऑइलमधलं पाणी उडून गेलं असतं, ही साय धरलीच नसती. ही गाडी गेला महिनाभर दोन-तीन किलोमीटरच्या पुढे गेलेली नाही, पोरी."

मी हॉस्पिटलला फोन केला. चार मंगळवार झाले, तुम्ही केमोला गेलाच नाहीत. मग दिवसभर इथेच, आपल्या तळ्याकाठी गाडीत बसून राहता ना? उणे पंचवीसमध्ये? कालपासून माझं कशात लक्ष नाही.

आई तिथून परत आली नाही, हे मी विसरलेले नाही. मलाही हॉस्पिटलचा तो जिना चढवत नाही. पण आज एकटीच चढून डॉक्टरांना भेटणार आहे आणि नवी तारीख घेणार आहे.

माशाचं सूप गरम करून घ्या. संध्याकाळी आल्यावर मी ओरडणार नाही. फक्त खरं सांगा, जायचंच नाही, की एकट्याने जायचं नाही? एकट्याने जायचं नसेल, तर मार्चपर्यंतच्या सगळ्या मंगळवारांची मी रजा टाकली आहे.

हेल्मी